प्रकल्प नोंदी: नागभीड स्टेशन, १९५०

१९ जानेवारी

नाटकांचा हंगाम भरात आहे. वडशाच्या एका कंपनीच्या दोन शेरवान्या आणि एक घागरा अजून हातात आहे, आणि त्यातच रात्री भाचीचा फोन आला. ती आणि भाचा, दोघंही नागपूरला शिकतात. एप्रिलमध्ये मुंबईला वेशभूषेचं संमेलन आहे. जुन्या काळातले, गोष्टींतले, सिनेमातले वेश स्वतः करून, घालून लोक येतात. त्या दोघांना जायचं आहे. "मामी, तू शिवशील ना?"

कल्पना त्यांची पक्की आहे. १९५० साल, नागभीडचं स्टेशन, अरुंद रुळावरच्या छोट्या गाडीची वाट पाहणारे दोन प्रवासी. एक रेल्वे कॉलनीतल्या अँग्लो-इंडियन घरातली फ्रॉकवाली मुलगी, दुसरा मालगुजाराकडचा, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदाराकडचा, दिवाणजी, कोट-धोतर-टोपी घातलेला. १९५० ला आपला हा सगळा मुलूख मध्य प्रदेशात होता आणि राजधानी होती नागपूर. नागपूर-नागभीड ही छोटी गाडी मी स्वतः कितीतरी वेळा पकडली आहे. २०१९ ला ती बंद झाली, मोठ्या रुळाचं काम काढलं. त्यामुळे कल्पना ऐकताच मी हो म्हटलं, कापडाचा हिशेब नंतर.

हातात जेमतेम तीन महिने आहेत. त्यातला होळीपर्यंतचा वेळ नाटकवाल्यांचा, म्हणजे माझ्या वाट्याला रात्रीच येणार.

२४ जानेवारी

मापं आली. भाचीने वसतिगृहात मैत्रिणीकडून घेतली आणि लिहून पाठवली: छाती ३४, कंबर ३१, उंची पाच फूट दोन इंच. कंबर वाचूनच थांबले. तिचे ब्लाऊज मीच शिवते, तिची कंबर ३१ असूच शकत नाही. फोन लावला. तिने माप जीन्स बांधतो तिथे घेतलं होतं.

हे दरवेळी होतं, म्हणून इथे नीट लिहून ठेवते. जुन्या बेताच्या कपड्याची कंबर म्हणजे सलवारीची नाडी बांधतो ती जागा नव्हे. सरळ उभं राहून बाजूला वाकायचं. बेंबीच्या वर जिथे कातडीला घडी पडते ती कंबर. तिथे एक नाडी बांधायची आणि सगळी मापं नाडीपासून घ्यायची. मानेच्या हाडापासून नाडीपर्यंत पाठ, खांद्यापासून छातीवरून नाडीपर्यंत पुढचा भाग, नाडीपासून खाली घेराची लांबी. चाळीस-पन्नासच्या दशकातल्या फ्रॉकचा सगळा डौल त्या एका रेषेवर उभा असतो. रेषा दीड इंच खाली सरकली की कापड कितीही भारी असो, फ्रॉक गाऊनसारखा लोंबतो.

नवीन मापं: कंबर २७, पाठ १५, घेर २७. हे पटलं.

१ फेब्रुवारी

मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, पेटी उघडून दिली. त्यांच्या वडिलांचा कोट. थोरले खरंच मालगुजाराकडे दिवाणजी होते. मालगुजारी १९५१ ला गेली, कोट त्याच्या आधीचा. काळा लोकरी, आता तपकिरीकडे झुकलेला. दोन ठिकाणी कसर लागली आहे, पण काखेत आणि कॉलरवर कापड शाबूत आहे. मामाजींनी स्वतःच्या लग्नातही तोच घातला होता.

"पोराले होईन का?" मामाजी म्हणाले. मी म्हटलं, बघते. मग थोडं थांबून, "बाई, थ्या कोटाले हात लावजो, पन कैची जपून लावजो."

भाचा पाच फूट नऊ इंच. बाह्या दीड इंच आखूड पडणार, पाठीत एक इंच कमी. आज फक्त अस्तर उसवलं, तेही खालच्या काठाकडून वीतभर. आणि दोन तास तसंच बघत बसले.

पाठीच्या मधल्या शिवणीत दोन्हीकडे सव्वा इंच मार्जिन. कुशीत एक इंच. बाह्यांच्या टोकाला दोन इंच कापड आत दुमडलेलं. छातीत केसांचं कॅनव्हास, म्हणजे केस घालून विणलेलं ताठ कापड, आणि कॉलरच्या वळणापाशी ते कापडाला शेकडो बारीक तिरक्या टाक्यांनी धरलेलं. प्रत्येक टाका वरच्या कापडाचा एखादाच धागा उचलतो, बाहेरून काहीच दिसत नाही. ते वळण इस्त्रीने आलेलं नाही. कापड हातात वाकवून, वाकवलेलं असतानाच टाके घातले की ते कायमचं वळलेलं राहतं. आज आपण चिकटवायचं कॅनव्हास इस्त्रीने लावतो आणि चार धुण्यांत त्याला फोड येतात.

आतल्या पट्टीला तीन जोड आहेत. मामाजींना विचारलं तर म्हणाले, तेव्हा कंट्रोल होतं. लढाईच्या काळात, १९४३ ला कापडावर सरकारी नियंत्रण आलं होतं. त्या शिंप्याने दिसत नाही तिथे तुकडे जोडले, पण मार्जिन कापलं नाही. कापड इतकं महाग असताना पाठीत अडीच इंच कापड आत ठेवून दिलं, पुढे कुणाला तरी लागेल म्हणून. आणि ते आज लागलं.

कॅनव्हासवर पेन्सिलीने १७ लिहिलंय. ऑर्डरचा नंबर असावा. फोटो काढून ठेवला.

८ फेब्रुवारी

पवनीला जाऊन आले. करवतकाठी साडी आणली, कोशाची, म्हणजे टसर रेशमाची, नैसर्गिक मधाच्या रंगाची, काठ गर्द लाल. पदरात विणीची एक चूक होती म्हणून विणकर घरच्या बाईंनी कमी भावात दिली. मला पदर अखंड नकोच होता, त्यामुळे चूक माझ्या कामाची.

माग चालू होता म्हणून थोडा वेळ बसले. अंगाचा धागा कोशाचा, काठाचा सुती. तीन धोटे चालतात, एक अंगाचा आणि दोन काठांचे. अंगाचा धागा काठाच्या धाग्यात अडकवून परत फिरवतात आणि त्या अडकण्यातून करवतीचे दात उमटतात. हे छापलेलं नाही, वरून काढलेलं नाही, विणतानाच झालेलं आहे. उलट बाजूनेही दात तसेच.

परत येताना उशीर झाला. जंगलाच्या रस्त्याने अंधारात येऊ नये म्हणून बसवाल्याने मधे कुठे थांबवलंच नाही. आमच्या भागात वाघाची धास्ती खोटी नाही.

आता पेच. भाचीला पन्नासच्या दशकातला पूर्ण गोल घेर हवा आहे, गिरकी घेतली की छत्रीसारखा उघडणारा. त्याचा हिशेब सोपा: कंबर भागिले ६.२८. २७ ला ४.३ इंच त्रिज्या. त्यात २७ लांबी आणि थोडं मार्जिन, म्हणजे साधारण ३२ इंच. साडीचा पन्हा ४५, दोन अर्धगोल सहज बसतात, साडेतीन मीटरच्या आत. कापड पुरतं. पण काठ सरळ आहे आणि गोल घेराचा खालचा काठ गोल. सरळ विणलेला काठ गोलाकारावर बसत नाही. कापून लावला तर दर वीतभर अंतरावर चुणी द्यावी लागेल आणि करवतीचे दात मोडतील.

रात्री भाचीला सांगितलं: गोल घेर हवा असेल तर साधं कापड घे, करवतकाठी हवी असेल तर घेर सरळ कापडाचा, वर चुणून. दोन्ही पन्नासच्या दशकात होते. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, काठ. मला फार बरं वाटलं, पण तिच्यावर लादलं नाही ना, हे मनात येतच राहिलं.

१४ फेब्रुवारी

मांजरपाटात कच्चा फ्रॉक कापला. कोशावर थेट कात्री लावायची नाही हा नियम. टाचणीचं आणि सुईचं भोक कोशावर दिसत राहतं. उसवून पुन्हा शिवलं की जुनी टिप वाचता येते. म्हणून सगळ्या चुका मांजरपाटावर. मामाजी म्हणाले, हे कापड आधी नागपूरच्या एम्प्रेस मिलचं यायचं. जमशेटजी टाटांची ती गिरणी, १८७७ पासूनची. आता माझा मांजरपाट कुठला येतो, दुकानदारालाही सांगता येत नाही.

अंगाचा बेत असा: बाही वेगळी जोडायची नाही, खांद्याच्या कापडातूनच पुढे काढायची. पन्नासच्या दशकात ही तऱ्हा फार होती. फोटोत खांदा कसा उतरता, गोल, मऊ दिसतो ते याच्यामुळे. पण अशा बाहीत हात वर केला की सगळा फ्रॉक कंबरेपासून वर उचलला जातो. त्यावर उपाय काखेत बसवायची चौकोनी कळी.

इथे मी घरच्या मैदानात आले. अंगरख्याच्या काखेत कळी मी वर्षाला वीस-पंचवीस तरी बसवते. नाटकातला शिवाजी तलवार उपसतो तेव्हा काख उसवली तर हजार माणसं हसतात. पॅरिसच्या फ्रॉकला जे लागतं तेच आपल्या अंगरख्याला, बंडीला, जुन्या सदऱ्याला लागत आलं आहे. सपाट कापलेलं कापड हातासोबत उचललं जायला हवं असेल तर काखेत कापड वाढवावंच लागतं, ते शिवणारा कुठलाही असो.

कळी चार इंचांची, उरेब म्हणजे तिरक्या धाग्यावर कापलेली. अंगाला काखेतून तिरकी चीर द्यायची आणि त्या चिरेत ती बसवायची. पहिली बसवली आणि चिरेच्या टोकाला धागे निघाले. मांजरपाटात असं होतंय, तर कोशात काय होईल.

१७ फेब्रुवारी

चिरेच्या टोकाला उलट बाजूने पातळ मलमलीचा तुकडा ठेवून आधी बारीक टिप मारली, व्ही आकारात, टोकावर एक टाका आडवा. मग टिपांच्या मधून कापून तो तुकडा आत पलटवला. आता टोकाला स्वतःचं कापड नाही, मलमलीची कड आहे, आणि कळी त्या कडेला जोडायची. चार वेळा केलं. चौथी चांगली आली. शेवटचा टाका हाताने.

अंगरख्यात हा त्रास येत नाही, कारण तिथे चीर नसतेच. बाही, कुशीची कळी आणि अंग हे तिन्ही सरळ तुकडे असतात, शिवणी एकमेकींना भेटतात. जुन्या शिंप्यांनी कापड वाया जाऊ नये म्हणून सगळे तुकडे सरळ कापले आणि त्यात काखही सुटली. याचा विचार पूर्वी केला नव्हता.

२३ फेब्रुवारी

नाटकवाल्यांची शेवटची घाई. प्रकल्पाला हात नाही.

फक्त झोपताना भाचीने पाठवलेलं वाचलं. १९३९ ला न्यूयॉर्कला विज्ञानकथांचं पहिलं जागतिक संमेलन भरलं, तिथे फॉरेस्ट अॅकरमन आणि मर्टल डग्लस भविष्यातल्या माणसांचे पोशाख घालून गेले. या सगळ्या वेशभूषा-संमेलनांची सुरुवात तिथून सांगतात. नाव अॅकरमनचंच जास्त घेतलं जातं. दोघांचेही कपडे शिवले होते मर्टलने. हे वाचून मी उठून बसले आणि वहीत तिचं नाव मोठ्या अक्षरांत लिहिलं.

१ मार्च

कोसा कापला. सकाळी आठला, दार लावून, पंखा बंद. आधी कापड पाण्याचा हबका न मारता कोरड्या मंद इस्त्रीने सरळ केलं. कोशावर पाण्याचा थेंब डाग ठेवून जातो. मशीनला ११ नंबरची नवी सुई. टाचण्या फक्त मार्जिनमध्ये.

साडीची लांबी साडेपाच मीटर. तीन मीटर घेराला, अखंड, एकही जोड न देता. फक्त डाव्या कुशीत एक शिवण, जिथे चेन येणार. उरलेल्या अडीच मीटरमधून अंग, कळ्या, कमरपट्टा. विणीतली चूक मागच्या कमरपट्ट्याच्या आतल्या पदरात नेली. चूक फेकली नाही, फक्त दिसत नाही.

मार्जिन सगळीकडे एक इंच, कुशीत दीड. भाचीची मुलगी हा फ्रॉक घालेल की नाही ठाऊक नाही. पण घालायचा असेल तर कापड आत आहे.

४ मार्च

शिवणी सगळ्या फ्रेंच. म्हणजे आधी सुलट बाजूने पाव इंचावर टिप, धागे कापून साफ, मग पलटवून उलट बाजूने दुसरी टिप, म्हणजे कड आत बंद. कोसा सुटतो फार, त्याला हेच हवं. पण जिथे दीड इंच मार्जिन ठेवलंय तिथे फ्रेंच शिवण होत नाही, ती कड बंद झाली की मार्जिन संपलं. तिथे कडेला मलमलीची उरेब पट्टी गुंडाळली. संध्याकाळपर्यंत फक्त दोन्ही कुशी झाल्या.

९ मार्च

घेराची चुणी. तीन मीटर म्हणजे ११८ इंच, ते २७ वर आणायचं. साध्या प्लेट घातल्या तर कंबरेवर कापडाचा ढीग होतो आणि कंबर तीस दिसते. मशीनने ओढून चुणलं तर कोसा उगाच फुगतो, सारखा पडत नाही.

म्हणून नाटकातल्या घागऱ्याची पद्धत. वरची कड दीड इंच आत दुमडली, आतून मलमलीची पट्टी घातली, आणि दुहेरी दोऱ्याने धावदोऱ्याच्या दोन ओळी घातल्या, टाका अर्धा इंच, खालच्या ओळीचा टाका बरोब्बर वरच्या टाक्याखाली. पट्टीवर आधी खडूने खुणा केल्या, अंदाजाने टाका घ्यायचा नाही. दोन्ही दोरे एकदम ओढले की कापड नळ्यांसारखं उभं राहतं. ११८ नळ्या, एकेक पाव इंचाहून जरा कमी. मग प्रत्येक नळी कमरपट्ट्याच्या कडेला हाताने दोन टाक्यांनी अडकवायची. मशीन इथे चालत नाही.

कोसा या कामाला फार गुणी. कडक नाही पण उभा राहतो. नळी मधेच वाकत नाही. लाल काठ खाली सरळ रेषेत, एकही दात तिरका नाही. हे करताना पहाटेचे दोन वाजले, आणि मला झोप येत नव्हती.

कंबरेला आतून सुती फीत लावली, फक्त तीन जागी धरलेली, पुढे हुक. घेराचं वजन ती फीत पेलते, वरच्या कोशावर ताण येत नाही. फ्रॉकची चेन लावायच्या आधी हा हुक लावायचा. भाचीला हे शिकवावं लागेल.

१६ मार्च

होळी झाली, नाटकं संपली, मुलं आली. पहिली मापं.

फ्रॉक अंगाला आला. डाव्या खांद्यावर अर्धा इंच उचलतो, कारण ती बॅग नेहमी डाव्या खांद्याला लावते आणि तो खांदा खाली आहे. खांद्याची शिवण थोडी उघडून घेतली. काखेची कळी चालते. "आता हात वर कर," म्हटलं, तिने केला, "दोन्ही," केले, कंबर जागची हलली नाही. मग तिने स्वतःहून गिरकी घेतली. गोल घेरासारखा तो उडत नाही, घंटेसारखा झुलतो. ती आरशात किती तरी वेळ काठच बघत होती. मनातली ती शंका गेली.

लांबी जमिनीपासून बारा इंच वर. १२ फेब्रुवारी १९४७ ला पॅरिसमध्ये दिओर या फॅशनकाराने जो बेत आणला, बारीक कंबर, मोठा घेर, पोटरीपर्यंत लांबी, त्याच्याच मागावरचं हे. तेव्हा इंग्लंडात कपड्यांचं रेशन चालू होतं, ते १९४९ ला उठलं. एवढ्या घेराला कापड उधळता म्हणून लोक चिडले होते. इकडे कंट्रोलमध्ये आपल्या दिवाणजींच्या कोटाला तीन जोड पडत होते. मुलांना म्हटलं, तुम्ही दोघं एकाच बाकावर बसलात की ही गोष्ट न सांगता दिसेल. भाच्याला ते फार आवडलं.

कोट घालून बघितला. पाठ घट्ट, बाह्या आखूड, अपेक्षेप्रमाणे.

२२ मार्च

कोटाची पाठ उघडली. मधल्या शिवणीतून दोन्हीकडे अर्धा-अर्धा इंच सोडला. पाऊण-पाऊण इंच अजून आत ठेवला. जुना दोरा उसवताना तो तुटत नव्हता, इतका पक्का. एकेक टाका सुईने उचलून काढला, उसवणीच्या हत्याराने कापड कापलं जाण्याची भीती.

बाह्या मात्र अडल्या. दुमडलेलं कापड खाली सोडलं की दोन गोष्टी दिसतात. एक, जुनी घडी. दुसरं, त्या घडीपाशी घासून विटलेली रेघ, आणि तिच्या खाली सत्तर-पंच्याहत्तर वर्षं उजेड न पाहिलेलं, अजून काळंभोर राहिलेलं कापड.

घडीसाठी पांढऱ्या व्हिनेगरमध्ये पाणी घालून फडकं भिजवलं, पिळलं, घडीवर ठेवून वाफ दिली आणि लाकडाच्या फळीने दाबून गार होईपर्यंत धरलं. तीन वेळा. घडी जवळजवळ गेली.

रेघ जात नाही. ते कापडच झिजलंय. रंग लावावा असं क्षणभर वाटलं, तालुक्याच्या एका दुकानातून काळा रंग आणलाही. एका आतल्या तुकड्यावर लावून बघितला तर तो निळसर काळा आला, कोटाचा काळा तपकिरी. डबी बंद करून ठेवली.

२३ मार्च

रेघ तशीच ठेवायची. १९५० च्या दिवाणजीचा कोटही नवा कशाला असेल? त्याच्या बाह्याही कुणासाठी तरी सोडलेल्या असू शकतात. झिजलेल्या धाग्यांच्या मागे पातळ कापडाची पट्टी ठेवून त्याच रंगाच्या दोऱ्याने बारीक रफू केलं, म्हणजे रेघ फाटणार नाही. बाहेरून दिसते ती दिसू दे.

कसर लागलेल्या दोन जागाही आतल्या मार्जिनमधले धागे काढून त्यांनीच रफू केल्या. कोटाचाच धागा, कोटाचाच रंग. कॉलर आणि छातीच्या कॅनव्हासला हात लावला नाही. तिथे माझ्याहून चांगलं काम आधीच झालेलं आहे.

३० मार्च

अवकाळी पाऊस, दोन दिवस वीज नाही. पायमशीनला विजेचं काय. आतला परकर शिवला. सुती परकर तीन थरांचा, प्रत्येक थर वरच्याच्या दुप्पट, आणि सगळ्यात खाली जुन्या नायलॉनच्या मच्छरदाणीची झालर. सुती थरांना भाताची दाट पेज लावली. आमच्या धानाच्या मुलखात खळ विकत आणायची वेळ येत नाही. पण ऊन नसल्याने परकर वाळेना, आणि रात्री पेजेच्या वासाला उंदीर. शेवटी दोरीवर आढ्याला टांगला.

६ एप्रिल

सगळं गाव पहाटे मोहफुलं वेचायला जातं, मी काजं करते. कोटाची दोन काजं उसवली होती, ती जुन्या भोकांवरच नव्याने भरली. फ्रॉकचे सगळे शेवट हाताने.

मामाजींनी भाच्याला व्हिडिओवर धोतर नेसायला शिकवलं. शिवलेलं, चेनवालं धोतर मी देऊ केलं होतं, मामाजींनी साफ नाही म्हटलं. "कोट खरा आन धोतर खोटं, हे कसं जमल गा?" त्यांचं बरोबर होतं. भाच्याने आठव्या वेळी काष्टा नीट घातला.

पेटी मामाजींची, लोखंडी. वळकटी मी शिवली, जाड दोसुतीची, आडव्या पट्ट्यांची. एका दुपारचं काम.

१४ एप्रिल, मुंबई

गर्दी, दमट हवा, आमच्या कोरड्या उन्हाहून वेगळी. घेर थोडा मऊ पडला, परकराची पेजही. पण नळ्या उभ्या राहिल्या.

मंचावर जाण्याआधी परीक्षक कपडे जवळून बघतात. मी वाटेत उभी होते. फ्रॉकपाशी परीक्षक बाईंनी काठाला हात लावून विचारलं, हा काठ जोडलाय का? भाचीने विणण्याची सगळी पद्धत सांगितली, तीन धोट्यांसकट. मग त्यांनी हात वर करायला सांगितला आणि काखेतली कळी बघितली. मग म्हणाल्या, उलट बाजू दाखवाल?

भाचीने घेराची कड उलटून दाखवली. भाच्याने कोट काढून अस्तराचा मोकळा ठेवलेला वीतभर भाग उचलला. तो मुद्दाम शिवला नव्हता, नुसते हुक लावले होते. त्या बाई खाली वाकल्या. मार्जिन बघितलं, तीन जोड बघितले, १७ चा आकडा बघितला. बाहीवरच्या रेघेवर बोट फिरवून म्हणाल्या, ही लपवली का नाही? भाचा म्हणाला, "माझे पणजोबा माझ्यापेक्षा बुटके होते, ते इथपर्यंत होते."

हे मी त्याला शिकवलं नव्हतं.

बक्षीस एका चिलखतवाल्या मुलीला मिळालं. तिने फोमची एकेक पट्टी तापवून वाकवली होती, सांधे कुठेच दिसत नव्हते. तिच्यापाशी अर्धा तास उभी राहून कसं केलं ते लिहून घेतलं. नाटकातल्या राजांना ते उपयोगी पडेल. आमची चिलखतं अजून पुठ्ठ्याची आहेत.

१९ एप्रिल

परत घरी. फ्रॉक उन्हात नाही, सावलीत वाळवला, वर मलमलीचं कापड घालून पेटीत, कडुनिंबाचा पाला वेगळ्या पुरचुंडीत. टांगायचा नाही, घेराच्या वजनाने अंग ओढलं जाईल. काखेत डाव्या कळीच्या टोकाला एक टाका सैल झालाय, तो घातला.

कॅनव्हासवर १७ च्या खाली पेन्सिलीने लिहिलं: पाठ एक इंच सोडली, बाह्या दीड इंच, एप्रिल. अजून किती मार्जिन शिल्लक आहे तेही लिहिलं, म्हणजे पुढच्याला उसवून बघावं लागणार नाही.

मामाजींनी कोट मागितला. अंगणात उभं राहून घातला. बाह्या बोटांपर्यंत आल्या. त्यांनी हात पुढे करून बघितले आणि म्हणाले, "करून दे बाई पयलेसारखा. पोरगं येईन दिवाळीले, तवा सोडजो पुना."

जुन्या घडीवरच आत दुमडला. रेघ बरोबर काठावर आली. पक्की टिप मारली नाही, धावदोराच घातला.